राखलेलं रान, राखलेला खडक

नववीत असताना आपली सहल रांजणखळग्यांना गेली होती, ती बहुतेकांना आठवत असेल. १९७६ चा जानेवारी महिना. एस.टी.ची लाल गाडी टाकळी हाजीपर्यंत आणि तिथून पुढं पायी. फडक्यात बांधलेली भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि हाताच्या बुक्कीनं फोडलेला कांदा. मळगंगेच्या देवळासमोर आपल्याला रांगेत उभं करून भूगोलाच्या सरांनी विचारलं होतं, "हे रांजण कुणी घडवले?" एकानं सांगितलं, "देवीनं." दुसऱ्यानं हात वर केला, "पाण्यानं." सर म्हणाले, "दोघांनाही निम्मे मार्क. नुसत्या पाण्यानं खडक कोरला जात नाही, हत्यार लागतं." मग त्यांनी एका कोरड्या खळग्यात हात घालून आतला गुळगुळीत, वाटोळा गोटा काढला आणि सगळ्यांना दाखवला. "हे ते हत्यार."

परत येताना आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात, दप्तरात एकेक गोटा होता. माझाही होता. तो आजही माझ्या टेबलावर कागदांवर ठेवलेला असतो. स्नेहमेळाव्याच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा निरोप आला, तेव्हा समोर तो गोटाच दिसला. म्हणून शिक्षकांच्या आठवणी आणि खोड्यांचे किस्से इतरांवर सोपवून मी आपल्या शिरूर-दौंड मुलखातल्या निसर्गानं घडवलेल्या ठिकाणांविषयी लिहितो. ही ठिकाणं कशी घडली, आजवर कुणी राखली आणि इथून पुढं कोण राखणार, एवढाच विषय आहे.

कुकडीचे रांजण

कुकडी उगवते जुन्नर तालुक्यात, नाणेघाटाच्या अंगाला, कुकडेश्वराच्या देवळापाशी. तिथून ती पूर्वेला येते आणि टाकळी हाजी व निघोज या दोन गावांच्या मधून वाहते. टाकळी हाजी आपल्या शिरूर तालुक्यात, पुणे जिल्ह्यात. निघोज पलीकडं पारनेर तालुक्यात, म्हणजे पूर्वीच्या नगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. जिल्ह्याची शीव नदीच्या पात्रातून जाते, म्हणून खळगे आमचे की तुमचे हा वाद दोन्ही तीरांवर गमतीनं चालतो. देवीनं मात्र तो कधीच मिटवलाय. मळगंगेचं ठाणं दोन्ही काठांना आहे.

इथला खडक म्हणजे आपला नेहमीचा काळा पाषाण, बेसाल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस थरावर थर पसरत गेला आणि त्यातून दख्खनचं पठार तयार झालं. हा पाषाण कठीण असला तरी सगळीकडं सारखा कठीण नसतो. त्यात सांधे असतात, वायूच्या बुडबुड्यांनी राहिलेल्या पोकळ्या असतात. पुराच्या पाण्याला अशा जागी भोवरा पडतो. भोवऱ्यात वाळू आणि गोटे अडकतात आणि गरागरा फिरत खडक घासू लागतात. जात्यात दाणे भरडावेत तसा खडक भरडला जातो. खळगा खोल होतो, तसा गोटाही झिजत वाटोळा होतो. तो झिजून संपला की पुढच्या पुरात दुसरा येतो. शेजारशेजारचे दोन खळगे वाढता वाढता मधली भिंत पडते आणि त्यांचा एक मोठा रांजण होतो. काही ठिकाणी असे कित्येक रांजण जोडले जाऊन नदीची अरुंद, खोल घळ झाली आहे. उन्हाळ्यात सगळं पाणी त्या घळीत उतरतं आणि बाजूचा उघडा खडक कुंभारवाड्यात मडकी मांडून ठेवावीत तसा दिसतो.

जगात रांजणखळगे अनेक नद्यांत आहेत. एवढ्या थोड्या जागेत एवढ्या संख्येनं आणि एवढ्या आकारांचे असणं मात्र विरळाच. म्हणून भूगोलाचे विद्यार्थी आणि भूशास्त्राचे अभ्यासक इथं वर्षानुवर्षं येत आले आहेत.

याच कुकडीच्या वरच्या अंगाला, जुन्नर तालुक्यातल्या बोरी गावाजवळ, नदीकाठच्या मातीत ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. १९८० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी त्याचा अभ्यास केला. राखेच्या आगेमागेच आदिमानवाची दगडी हत्यारंही मिळाली. काहींच्या मते ती राख चौऱ्याहत्तर हजार वर्षांपूर्वी सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीतून उडून आलेली आहे. काही जण ती त्याहून कितीतरी जुनी मानतात. वाद अजून चालू आहे, पण एका गोष्टीत दुमत नाही : ज्या नदीवर आपण लहानपणी खेकडे धरले, तिच्या काठावर माणसाच्या फार जुन्या खुणा आहेत.

खळगे राखले कुणी? आधी देवीनं राखले, असं मी सरळ म्हणतो. चैत्र वद्य अष्टमीला निघोजची यात्रा भरते. गावातल्या मळगंगेच्या बारवेतून घागर वर येते ही श्रद्धा आहे आणि ती पाहायला लांबलांबून माणसं येतात. कुंडाची जागा देवीची म्हटल्यावर तिथं कुणी सुरुंग लावला नाही, पाटा-वरवंट्यासाठी दगड फोडला नाही. 'सात बाजांचं सुंभ सोडलं तरी तळ लागत नाही,' असं आजी सांगायची. त्यात भूशास्त्र नव्हतं, पण पोरांना काठापासून लांब ठेवण्याची ताकद होती. ती भीती आता गेली आहे. ओल्या खडकावर पाय घसरून या कुंडात जीव गेले आहेत. फोटोसाठी कडेला जाणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

दर्याबाईची गुहा

शिरूरहून पारनेरच्या बाजूला पठारावर चढलं की कान्हूर पठाराच्या परिसरात वडगाव दर्या लागतं. तिथल्या दरीत दर्याबाई आणि वेल्हाबाईचं स्थान आहे. कपारीच्या छतातून चुन्याचे झुंबरासारखे आकार खाली उतरले आहेत. त्यांना लवणस्तंभ म्हणतात. असे स्तंभ एरवी चुनखडीच्या प्रदेशातल्या गुहांमध्ये असतात. आपल्या काळ्या पाषाणाच्या मुलखात ते सापडणं हेच नवल. वरच्या माती-दगडातून पाणी झिरपताना चुना विरघळवून आणतं, थेंब छताला लोंबतो, पाणी उडून जातं आणि चुन्याचा कण मागं राहतो. पुढचा थेंब त्यावर आपला कण ठेवतो. या हिशोबानं हातभर स्तंभ वाढायला किती काळ लागत असेल ते ज्याचं त्यानं ठरवावं. मोडायला एक धक्का पुरतो.

इथंही राखण देवीचीच. याच तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला माणसानं कोरलेली शैव लेणी आहेत. त्यांना पुरातत्त्व खात्याचं संरक्षण आहे, निळ्या पाटीवर कायद्याचं कलम लिहिलेलं आहे. माणसानं छिन्नीनं कोरलेल्या दगडाला सरकारी पहारा आणि पाण्यानं कोरलेल्या दगडाला देवाचा, अशी ही वाटणी आहे. इंग्रजांच्या काळापासून आपले संरक्षणाचे कायदे दोन वाटांनी आले. एक वाट जुन्या वास्तूंची, दुसरी जंगल आणि प्राण्यांची. नुसता खडक, नुसती गुहा, नदीची घळ या दोन्हींच्या मधे राहिली. केंद्राच्या खाण मंत्रालयानं २०२२ मध्ये भूवारसा स्थळांच्या जतनासाठी कायद्याचा मसुदा लोकांसमोर ठेवला, तो ही मधली जागा भरण्यासाठीच.

आपल्याकडं जंगल होतं का?

शाळेत 'वनांचे महत्त्व' हा निबंध आपण सगळ्यांनी लिहिला. त्यात घनदाट अरण्य असे, वाघ असे आणि शेवटी 'झाडे लावा, झाडे जगवा' असे. वर्गाच्या खिडकीबाहेर मात्र बोडका माळ होता. त्यामुळं आपल्या मनात पक्कं बसलं की आपला मुलूख ओसाड आहे, इथलं जंगल पूर्वी कुणीतरी तोडून नेलं आणि मागं हा माळ उरला.

ते पुरतं खरं नाही. सह्याद्रीची सावली आपल्यावर पडते. घाटमाथ्यावर जिथं हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो, तिथून पूर्वेला येता येता तो शिरूर-दौंडपर्यंत पाचशे मिलिमीटरच्या आगेमागे उरतो. एवढ्या पावसात मुरमाड जमिनीवर भीमाशंकरसारखं रान उभं राहत नाही. इथं उभं राहतं ते गवत, आणि गवतात विखुरलेल्या बाभळी, हिवर, बोरी, पळस, तरवड. जुन्या मराठी वाङ्मयातले आणि लोककथांमधले झाडाझुडपांचे उल्लेख गोळा करून त्यांचा अभ्यास काही संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष असा, की पश्चिम महाराष्ट्राचे हे माळ कित्येक शतकांपासून माळच आहेत. म्हणजे ही गवताळ रानं तुटलेल्या जंगलाचे अवशेष नाहीत. आपलं 'जुनं जंगल' हेच.

त्याहून जुना पुरावा आपल्या तालुक्यातच आहे. आपण आठवीत होतो तेव्हा घोडनदीच्या काठी इनामगावला उत्खनन चालू होतं. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजनं ते केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही नावं त्या कामाशी जोडलेली आहेत. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तिथं शेतकऱ्यांची वस्ती होती. चौकोनी घरं, धान्याचे बळद, रंगवलेली मडकी, पुराचं पाणी वळवायला बांध आणि पाट. सातूचं पीक. लहान मुलांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात पुरण्याची रीत. तिथं पाळीव गुरांच्या, शेळ्या-मेंढ्यांच्या हाडांबरोबर हरणांचीही हाडं मिळाली.

इनामगावची शेवटची तीन शतकं आपल्याला जवळची वाटतील अशी आहेत. पाऊस कमी झाला, शेती खालावली. मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. लोक शेळ्या-मेंढ्यांकडं आणि शिकारीकडं अधिक वळले आणि शेवटी गाव उठलं. तीन हजार वर्षांपूर्वी इथल्या माणसाला दुष्काळात आधार दिला तो माळानं. बहात्तरच्या दुष्काळात ज्यांच्या घरच्या गाई चाऱ्यापायी छावणीत गेल्या, त्यांना यातलं मर्म वेगळं सांगायला नको.

पुढं याच गवतावर भीमथडीची तट्टं वाढली. दौंड आणि बारामतीचा भाग मिळून जो जुना तालुका होता त्याचं नावच भीमथडी. भीमेच्या खोऱ्यातली ती काटक, कमी चाऱ्यावर लांब पल्ला मारणारी घोडी मराठ्यांच्या फौजेचा कणा होती. मराठ्यांचा इतिहास आपण किल्ल्यांवर शोधतो, पण त्याचा चारा या माळांवर उगवत होता.

राखीव

'कुरण' हा शब्द आपण सहज वापरतो. पूर्वी त्याचा अर्थ राखलेलं गवत असा होता. पागेसाठी, सरकारी गुरांसाठी गवताची रानं राखायची आणि ठरल्या वेळी कापायची ही पद्धत पेशवाईत होती. झाडांच्या बाबतीतही तशी दृष्टी होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड हवं असलं तरी रयतेची आंबा-फणसाची झाडं तोडू नयेत, झाड वाढायला फार वर्षं लागतात आणि रयत ती लेकरांसारखी वाढवते, या आशयाची ताकीद आहे.

इंग्रजांनी शिरूरला छावणी केली. पूना हॉर्स या घोडदळाची उभारणी १८१७ च्या सुमारास इथंच सुरू झाली. छावणी म्हणजे घोडे आणि घोडे म्हणजे गवत. पुढं १८७८ चा वनकायदा आला आणि रानं 'राखीव' झाली. त्याच वर्षी दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली. १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये डोंगरातल्या जंगलांबरोबर नदीकाठच्या बाभूळरानांचीही वेगळी दखल आहे. बाभळीचं लाकूड औताला, गाडीच्या चाकाला आणि सरपणाला, शेंगा शेळ्यांना, साल कातडी कमवायला. त्या रानांना किंमत होती, म्हणून ती राखली गेली.

पण कुणासाठी? ज्या धनगरानं, ज्या कुणब्यानं पिढ्यानपिढ्या त्या रानात गुरं चारली, त्याला एका सकाळी तिथं 'आत येऊ नये' असं सांगण्यात आलं. आधीच सावकारी पाशानं माणसं टेकीला आली होती. १८७५ मध्ये आपल्या शेजारच्या सुप्याला सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या, तो दख्खनचा दंगा याच मुलखातला. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात जंगलखात्यानं गायरानं हिरावून घेतल्याची तक्रार आहे. 'राखीव' या शब्दाबद्दल आपल्या वाडवडिलांच्या मनात अढी बसली ती तेव्हापासून. देवीनं राखलेल्या जागेत पाया पडून जाता येत होतं. सरकारनं राखलेल्या जागेत दंड भरून बाहेर यावं लागत होतं. आज संरक्षणाच्या कुठल्याही गोष्टीला गावात आधी विरोध का होतो, याचं एक उत्तर इथं आहे.

फार मोठं आणि फार लहान

स्वातंत्र्यानंतर १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला. आपल्या आसपास त्याचे दोन टोकांचे अनुभव आहेत.

पहिला माळढोकाचा. घोड आणि भीमा ओलांडली की पलीकडं श्रीगोंदा, कर्जत. ते तालुके आणि सोलापूर जिल्ह्याचा मोठा भाग धरून १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र होतं ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात शेतं आली, गावं आली, शहरंही आली. जमिनीचे व्यवहार अडले, लोक वैतागले. शेवटी हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत खाली आणावं लागलं. कागदावर एवढं मोठं रान राखूनही माळढोक महाराष्ट्रात आज जवळजवळ दिसेनासा झाला आहे.

दुसरा अनुभव मयूरेश्वराचा. पाटस-चौफुल्याकडून सुप्याच्या दिशेनं गेलं की बारामती तालुक्याच्या हद्दीत मयूरेश्वर अभयारण्य लागतं. मोरगावच्या गणपतीचं नाव त्याला मिळालं. १९९७ मध्ये चिंकाऱ्यांसाठी ते जाहीर झालं. क्षेत्र अवघं ५.१४ चौरस किलोमीटर. सकाळी धावायला जाणारा माणूस तासाभरात फेरी मारून येईल एवढंच. पण पहाटे तिथं उभं राहावं. गवत सोनेरी झालेलं असतं आणि त्यात अंगाचा रंग मिसळून गेलेला चिंकारा फक्त कान हलला म्हणून दिसतो. लांडगा आणि खोकड नशिबात असेल तर. कर्जतकडच्या रेहेकुरीला काळविटांसाठी १९८० मध्ये झालेलं अभयारण्य याहून लहान, २.१७ चौरस किलोमीटर. तिथं काळविटांचा कळप वाढला हे खरं, पण वाढलेल्या कळपानं जायचं कुठं? तो शेजारच्या ज्वारीत जातो. अभयारण्याची हद्द प्राण्याला वाचता येत नाही.

या दोन टोकांच्या मधे जो उरलेला माळ आहे, त्याचं सरकारी नाव 'पडीक'. पडीक म्हटलं की त्यावर काहीही करायला मोकळीक. कधी तिथं गिरिपुष्पाची रोपं लावून 'वनीकरण' होतं, कधी मुरूम निघतो, कधी प्लॉटिंगचे चुन्याचे फक्की मारलेले पट्टे दिसतात. आपणही शाळेच्या श्रमदानात माळावर खड्डे खणून झाडं लावली. हेतू चांगला होता. पण माळावर झाडांची दाटी केली की गवत मरतं आणि गवताबरोबर चंडोल, तित्तर, चिंकारा, लांडगा आणि धनगराची मेंढरंही निघून जातात. हे आपल्याला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

मोर आणि बिबट्या

राखण म्हणजे कायमच कायदा किंवा देव असं नाही. तिसरीही एक राखण आहे, सवयीची. आपल्या तालुक्यातली मोराची चिंचोली तिचं उदाहरण. चिंचेची जुनी झाडं आणि त्यांच्या आसऱ्यानं राहणारे मोर, दोन्ही गावाच्या नावातच आली आहेत. मोर १९६३ मध्ये राष्ट्रीय पक्षी झाला, १९७२ च्या कायद्यानं त्याला संरक्षण मिळालं. पण त्याच्या आधीपासून चिंचोलीत मोर होते आणि ते राहिले ते गावानं सोसलं म्हणून. मोर शेंगा उकरतो, बाजरीची कणसं टिपतो. ते सोसणं म्हणजेच राखणं. पुढं कृषिपर्यटन आलं, चार पैसे आले, ते योग्यच झालं. पण सोसणं आधीचं आहे.

सोसण्यालाही सीमा असते, हे आपल्याला बिबट्यानं शिकवलं. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज आणि पिंपळगाव जोगे ही धरणं झाली, घोडवर चिंचणीला धरण झालं. माळ बागायती झाला, ऊस आला आणि घरात पैसा आला. आपल्यापैकी किती जणांची शिक्षणं त्या पाण्यावर झाली, ते आपण जाणतो. उसासोबत बिबट्या आला. दहा-बारा महिने कुणी पाय न ठेवणारं दाट रान त्याला दुसरं कुठं मिळणार? आज उसात जन्मलेल्या बिबट्यांनी जंगल पाहिलेलंही नाही. तालुक्याच्या उत्तरेकडच्या गावांत लेकरं गेली, म्हातारी माणसं गेली. रात्रीच्या विजेवर पाणी धरायला जाणाऱ्या माणसाला 'वन्यजीव आपले मित्र' हे सांगायची माझी हिंमत नाही. दिवसा वीज, घरापासून लांब ऊस, वेळेवर येणारा पिंजरा ही त्याची मागणी रास्त आहे. माळ संपून ऊस झाला, तेव्हा कुणाचा आसरा गेला आणि कुणाला मिळाला, हे मात्र त्याबरोबर समजून घ्यायला हवं.

दौंडकडं याची दुसरी बाजू दिसते. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं. भीमाकाठची गावं, देवळं, मळे पाण्याखाली गेले. त्या विस्थापितांची मुलंही आपल्या शाळांतून शिकली. आज त्याच फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात आणि भिगवणला गाड्यांची रांग लागते. पक्षी पाहायला जावंच. जाताना पाण्याखाली काय आहे तेही मुलांना सांगावं.

हत्यारं परत

आता पुन्हा खळग्यांकडं येतो. देवीची भीती ओसरली आहे आणि कुंडाची कीर्ती वाढली आहे. दोन्ही तीर जोडणारा झुलता पूल झाला, गर्दी वाढली. वरच्या धरणांमुळं कुकडी आता आवर्तनाच्या तारखांवर वाहते. नदीपात्रांमधली वाळू ट्रकांनी उचलली गेली. भीमा, घोड, कुकडी, कुणीच त्यातून सुटलं नाही. आपण ज्या घरांत राहतो त्यांच्या भिंतींत ती आहे, म्हणून दुसऱ्याकडं बोट दाखवण्यात अर्थ नाही. पण सरांनी सांगितलेलं आठवा. वाळू आणि गोटे ही नदीची हत्यारं. पूरही गेला आणि हत्यारंही गेली, तर कारागीर रिकाम्या हातानं बसतो. खळगे दिसतील, पण ते घडायचे थांबतील.

करता येण्यासारखं काही आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता समिती आणि लोकांची नोंदवही दिली आहे. गावचा माळ, गावचं पाणी, जुनी चिंच, देवाचं रान यांची नोंद त्यात करता येते. याच कायद्याखाली गडचिरोलीतल्या आलापल्लीचं जुनं सागवान रान २०१४ मध्ये आणि पुण्यातली गणेशखिंडीची बाग २०२० मध्ये वारसास्थळं झाली. दोन्ही जागा लहानच आहेत. वारसास्थळासाठी फार मोठी जागा लागत नाही, पण गावाची इच्छा लागते. आपल्या वर्गात आज सरपंच राहिलेले आहेत, वकील आहेत, शिक्षक आहेत, महसूल खात्यातून निवृत्त झालेले आहेत. एका नोंदवहीची पानं भरायला याहून जास्त माणसं लागत नाहीत. टाकळी हाजी आणि निघोज या दोन्ही गावांशी बोलून, दोन्ही तीरांना पटेल असा साधा नियम लिहिता आला तरी पुष्कळ झालं : दगड उचलू नये, नाव रंगवू नये, पावसाळ्यात कठड्यापलीकडं जाऊ नये.

शेवटी एक छोटी विनंती. आपला वर्ग चाळीस-पन्नास मुलांचा. प्रत्येकानं एक गोटा आणला असेल तर एका दिवसात आपण नदीची तेवढी हत्यारं उचलून आणली. आपल्या पुढच्या-मागच्या वर्गांनी आणली असतील ती वेगळीच. तेव्हा कळत नव्हतं. आता साठी उलटून गेल्यावर तरी कळायला हरकत नाही. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या देव्हाऱ्यात, कुणाच्या आईच्या जुन्या पाट्याशेजारी तो गोटा अजून असेल, तर मेळाव्याला येताना घेऊन या. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकळी हाजीला जाऊ. गुडघ्यांचं दुखणं असलेल्यांनी काठी घ्यावी, भाकरी-चटणीचं मी बघतो. ज्यांनी तो प्रश्न विचारला ते सर आज नाहीत. गोटे खळग्यात सोडून येऊ, म्हणजे उरलेल्या निम्म्या मार्कांची तजवीज होईल.